कनातीपलीकडचे हसू

गेल्या काही वर्षांत जुन्या चित्रपटगृहांवर गहिवरून लिहिण्याची एक साथच आली आहे. कुठे एखादे टॉकीज पाडले गेले, की पुढच्या रविवारी त्याच्यावर लेख ठरलेला. त्या लेखात काळ्या बाजारातली तिकिटे असतात, बॅटरी घेतलेला डोअरकीपर असतो, मध्यंतरातला समोसा असतो आणि शाळा बुडवून पाहिलेला 'शोले' असतो. लेखक बहुधा पुरुष असतो. मीही पुरुषच आहे आणि हे लेख मलाही आवडतात, हे आधीच सांगून टाकतो.

आपल्या शहरांतल्या चौकांची नावेच बघा ना. पुण्यात अलका टॉकीज चौक, नागपुरात व्हरायटी चौक आणि पंचशील चौक, अमरावतीत श्याम चौक, प्रभात चौक, चित्रा चौक. रिक्षावाल्याला एवढे नाव पुरते. चित्रपट पाहायला तिथे कोणी जावो न जावो, पत्ता मात्र टॉकीजचाच राहतो. मी ज्या टॉकीजविषयी लिहिणार आहे, त्याच्या नावाचा चौक होणे शक्यच नव्हते. दरसाल पावसाच्या तोंडावर ते गुंडाळून ट्रकात घालत आणि घेऊन जात.

हे सगळे लेख वाचून झाले की माझ्या मनात एक हिशेबी प्रश्न उरतो. आयुष्यभर बँकेत जमा-नावे मांडली, त्याची ही खोड. टॉकीज गेले, म्हणजे नेमके कोणाचे काय गेले? पुरुषांचे, खरे सांगायचे तर, फारसे काही गेले नाही. त्यांना चौक होता, पानटपरी होती, हॉटेलातले बाकडे होते, निवडणुकीच्या सभा होत्या, आजही आहेत. गेली ती बायकांची रात्र. माझा हा दावा कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

माझे गाव महागाव. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिणेकडचे, नागपूर-तुळजापूर रस्त्यावरचे. माझ्या लहानपणी ते पुसद तालुक्यात मोडे. तालुक्याचे ठिकाण ते पुढे झाले. भोवती काळी जमीन, कापूस आणि ज्वारी, अधूनमधून बंजारा तांडे, खाली पैनगंगा आणि तिच्यापलीकडे माहूरचा डोंगर. पक्के थिएटर पाहायचे तर पुसदची वाट धरावी लागे, आणि रात्रीचा खेळ पाहून परत यायला एसटी नसे. त्यामुळे आमच्यासाठी सिनेमा म्हणजे तंबू. टुरिंग टॉकीज. दिवाळीच्या आगेमागे तो यायचा, आणि उन्हाळा संपेपर्यंत या गावाहून त्या गावाला फिरत राहायचा.

तंबू येणार हे आम्हा पोरांना सगळ्यात आधी कळे. बाजाराच्या मैदानात खड्डे खणलेले दिसले, की शाळेत लक्ष संपले. मग बांबू, मग दोर, मग मळकट कापडाची कनात आणि शेवटी जनरेटर. गावात वीज असली तरी तिच्यावर कोणाचा भरवसा नव्हता, त्यामुळे टुरिंगवाला आपली वीज बरोबर घेऊन फिरे. दुपारी बैलगाडीला दोन्ही बाजूंनी पोस्टर लावून, भोंगा बांधून एक माणूस गावभर फिरायचा. 'आज रात्री, फक्त आज रात्री' असे तो रोज म्हणायचा आणि त्यावर रोज आमचा विश्वास बसायचा.

चित्रपट आमच्याकडे फार उशिरा पोचे. मुंबईत लागल्यावर दोन-दोन वर्षांनी, तोवर रीळ इतकी झिजलेली असे की नायिकेच्या चेहऱ्यावर कायम पाऊस. चित्रपट-वितरणाच्या धंद्यात आमचा मुलूख 'सी. पी. बेरार' या नावाने ओळखला जाई. तो प्रांत कागदावरून कधीच पुसला गेला होता. धंद्याने नाव तेवढे जपले. अमरावती हे त्यातले मोठे ठाणे. रिळांच्या पत्र्याच्या पेट्या तिकडून एसटीच्या टपावर चढून येत. एखाद्या दिवशी पेटी चुकून पुढे निघून गेली, तर जाहीर केलेल्या चित्रपटाऐवजी आदल्याच रात्रीचा पुन्हा लागे. कोणी पैसे परत मागितल्याचे मला आठवत नाही.

मशीन एकच असे, आणि या लेखाच्या दृष्टीने ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. शहरातल्या थिएटरात दोन मशीन असत. एकावरची रीळ संपे तेव्हा दुसरी सुरू होई आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट धावते, म्हणजे दोन हजार फुटांची रीळ बावीस मिनिटांत संपते. तीन तासांचा चित्रपट म्हटला की आठ-नऊ रिळी. एक मशीन असले की प्रत्येक रिळीनंतर थांबायचे, दिवा लावायचा, नवी रीळ चढवायची, कार्बनच्या कांड्या नीट करायच्या आणि पुन्हा अंधार. अशी एका रात्रीत सात-आठ मध्यंतरे होत. नायकाला गोळी लागायची आणि दिवा लागायचा.

या दिव्यांच्या उजेडात काय चाले, हे मला कनातीच्या दोन्ही बाजूंनी माहीत आहे. तंबूच्या मधोमध पडद्यापासून मशीनपर्यंत एक कनात ताणलेली असे. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. मागे थोड्या लोखंडी खुर्च्या, त्यांचा दर वेगळा. बाकी सगळे जमिनीवर. दहा-अकरा वर्षांपर्यंतची पोरे आईबरोबर बायकांत बसत. मी १९६८च्या सुमारापासून तिथे बसू लागलो. माझी आई, आम्ही तिला माय म्हणत असू, दोन काकू, आजी आणि आळीतल्या सात-आठ जणी असा आमचा जथा निघे. संध्याकाळची भाकरी उन्हातच थापून होई. आजोबा ओसरीवरून विचारत, "आज एवढ्या लौकर चूल पेटली?" आणि आजी, जी एरवी त्यांच्यासमोर बोलत नसे, ती आतून उत्तर द्यायची, "पोराईले शिनेमाले न्याचं हाय." पोरे हे निमित्त होते. पोरे नसती तर त्यांना निमित्त सापडले नसते, म्हणून आम्हाला ताप आला तरी तंबूत नेत.

दिवा लागला की पुरुषांच्या बाजूला विड्या पेटत आणि माना कनातीकडे वळत. बायकांच्या बाजूला बोलणे सुरू होई. बावीस मिनिटे चित्रपट आणि पाच-सात मिनिटे बोलणे, असे सात-आठ वेळा. मी आईच्या मांडीला टेकून फुटाणे खात ते ऐकत असे. कोणाच्या मुलीला कुठले स्थळ आले, कोणत्या मालकाचा काटा खोटा आहे, कोणाच्या नवऱ्याने पुसदला जाऊन काय केले, बाळंतिणीला काय चारावे, दुखण्यावर काय लावावे. एकदा एका बाईने पदर सरकवून पाठीवरचे वळ दाखवले. चौघी-पाच जणी गप्प बसल्या, मग एकीने विचारले, "माहेरी कळवलं का?" तेवढ्यात दिवा गेला. पुढच्या रिळीनंतर बोलणे तिथूनच पुढे सुरू झाले. विहिरीवरही बायका भेटत, शेतातही भेटत, पण तिथे हातात काम असे आणि घाई असे. तंबूत त्यांना तीन-चार तास नुसते बसायचे होते. दिवसाच्या कुठल्याही प्रहरी नुसती बसलेली आई मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मला तंबूचे सोवळे-ओवळे झाकायचे नाही. अंधारात सगळे सारखे होतात असे म्हणतात, पण जाजम ज्याच्या-त्याच्या घरचे असे आणि कोणाच्या जाजमावर कोण बसणार हे दिवे लागलेले असतानाच ठरलेले असे. तांड्यावरच्या बाया त्यांच्या जड घागऱ्यांसह एका अंगाला बसत, बौद्धवाड्यातल्या दुसऱ्या अंगाला. आमच्या शेजारी एक तरुण विधवा होती, तिला कधीच कोणी तंबूत येऊ दिले नाही. ती आमच्या घरी सगळ्यांची धाकटी पोरे सांभाळत बसे आणि दुसऱ्या दिवशी माय तिला भांडी घासताना अख्खी गोष्ट सांगे. कनातीला भोके पडलेली असत, आणि ती आपोआप पडत नव्हती. हे सगळे खरे आहे. तरीही बायका हट्टाने जात.

मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचा वार्तापट असे. तो सक्तीचा होता. धरणे, कारखाने, परदेशी पाहुण्यांचे विमानतळावरचे हारतुरे. यात कधी मुख्यमंत्री वसंतराव नाईक दिसले की आमच्या तंबूत जो गलका होई तो कुठल्याही नायकाच्या वाट्याला आला नसेल. गहुली आमच्याच भागातले. तांड्यावरच्या बाया बोट दाखवून एकमेकींना सांगत. वार्तापट पाहून आनंदित झालेला प्रेक्षक देशात दुसरीकडे कुठे असेल असे वाटत नाही.

आता पैशाचे बोलू. तंबू दिवाळीच्या सुमारास का यायचा? पाऊस संपलेला, जमीन वाळलेली, हे एक कारण. पण टुरिंगवाले भाबडे नव्हते. त्याच सुमाराला कापसाची वेचणी सुरू होते. वेचणी हे आमच्याकडे बायकांचे काम. वजनावर मजुरी, आणि ती बाजाराच्या दिवशी रोख, बाईच्या हातात. वर्षभरात बाईच्या स्वतःच्या हातात नाणे पडण्याचे जे थोडे आठवडे असत, तेच तंबूचे आठवडे. १९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. कापसाचा पैसा आता सरकारमार्फत, हप्त्याहप्त्याने, चेकने मिळू लागला. चेक घरधन्याच्या नावाचा. पुढे मी बँकेच्या काउंटरच्या आत बसलो तेव्हा असे हजारो चेक माझ्या हाताखालून गेले. त्यांतले बाईच्या नावाचे क्वचितच. वेचणीची मजुरी मात्र चेकने कधीच मिळाली नाही. ती रोखच राहिली, आणि तिच्यातले काही पैसे पदराच्या गाठीत बांधून बाया तंबूच्या खिडकीशी येत. तिकीट स्वतःच्या पैशाचे होते, म्हणून नवऱ्याला विचारावे लागले तरी मागावे लागत नसे.

अकराव्या वर्षी मला कनातीच्या या बाजूला यावे लागले. त्याचा काही समारंभ झाला नाही. एका रात्री तिकिटाच्या खिडकीशी काकू म्हणाली, "आता तू मोठा झाला लेका. तिकडं बस." मी वडिलांच्या शेजारी जाऊन बसलो. त्या वर्षी नाही, पण पुढच्या वर्षी दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आमच्याकडे आला. तो १९७१चा चित्रपट. पुढे दादांच्या नावावर जे काही चिकटले त्या मानाने अगदीच साधा, पण आमच्या गावच्या मानाने पुष्कळच चावट. पुरुष लोळत होते. माझे वडील हसत नव्हते, कारण मी शेजारी होतो. मी हसत नव्हतो, कारण वडील शेजारी होते. आणि तेवढ्यात कनातीच्या पलीकडून हसण्याचा एक लोट आला. शंभर-दीडशे बाया एकदम हसत होत्या. दादांची नायिकेपुढे फजिती होई तेव्हा हसत, रत्नमालाबाईंची आये मुलावर ओरडे तेव्हा त्याहून जास्त हसत. त्या हसण्यात एक आवाज मी ओळखला. तो आईचा होता, आणि मी तो त्याआधी कधी ऐकला नव्हता. घरी ती तोंडावर पदर घेऊन हसे, आवाज न करता. इथे ती खिदळत होती. अंधार होता, कनात होती, कोण हसले ते कोणाला दिसणार नव्हते. वडिलांनीही तो आवाज ओळखला असावा, कारण ते एकदम सावरून बसले. घरी परतताना दोघेही एकमेकांशी बोलले नाहीत, पण रागाने नाही. कशाने, ते मला आज साठी उलटल्यावरही नीट सांगता येत नाही.

१९७५ साली मुंबईत 'शोले' लागला आणि 'जय संतोषी माँ'ही लागला. आमच्याकडे दोन्ही यथावकाश आले. 'शोले'ला पुरुषांची बाजू फुटली, 'जय संतोषी माँ'ला बायकांची. चपला बाहेर काढून ठेवल्या गेल्या, नारळ आले, पडद्यावर चिल्लर पडली आणि ती वेचायला आम्ही पोरे पुढे घुसलो. या चित्रपटावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. एक नवी देवी सिनेमाने घरोघर कशी पोचवली, वगैरे. मला दिसले ते एवढेच, की 'सोंगाड्या'ला ज्या घरांनी सुना धाडल्या नव्हत्या त्या घरांनी या वेळी त्या धाडल्या. देवीच्या नावाने परवानगी मिळाली. आणि गंमत म्हणजे, नंतरच्या आठवड्यात दुसरा, देवाधर्माशी संबंध नसलेला चित्रपट लागला तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणी पुन्हा आलेल्या दिसल्या. एकदा उघडलेले दार कोणी लगेच लावून घेत नाही.

हिंदी-मराठी चित्रपटांच्या इतिहासात बाई पडद्यावर कधी आली याची चर्चा खूप होते. फाळक्यांच्या १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले आणि 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई प्रथम पडद्यावर आल्या, हे शाळकरी मुलालाही माहीत असते. बाई पडद्यासमोर कधी येऊन बसली, आणि पुढे तिथून कधी उठून गेली, याची नोंद मात्र कोणी ठेवलेली नाही.

मला ती नोंद एकदा अचानक पाहायला मिळाली. मी बँकेत लागून काही वर्षे झाली होती. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. मी होतो त्या शाखेत एक टुरिंग टॉकीजवाला कर्ज मागायला आला. जुना जनरेटर बिघडला होता, नवा घ्यायचा होता. त्याने हिशेबाच्या चोपड्या आणल्या होत्या, मागच्या आठ-दहा वर्षांच्या. त्यात रोजची तिकीटविक्री दोन रकान्यांत मांडलेली: पुरुष, बायका. त्याचे आकडे मी इथे देणार नाही, ते त्याचे होते. पण कल स्पष्ट होता. पुरुषांचा रकाना थोडाफार खालीवर होत टिकून होता. बायकांचा रकाना ओहोळासारखा आटत गेला होता. मी विचारले तर तो म्हणाला, "साहेब, पुरुष एकटा येतो. बाई चार जणी घेऊन येते. बाई गेली की धंदा गेला." कारणही त्यानेच सांगितले. गावोगाव व्हिडिओ आला होता. कुठल्याशा गोदामात टीव्ही ठेवून दिवसभर चित्रपट दाखवत. ती जागा पहिल्या दिवसापासून पुरुषांची झाली. तिथे रात्री उशिरा काय दाखवतात हे गावात सगळ्यांना माहीत असे, त्यामुळे भर दुपारीसुद्धा बाईने तिथे पाय ठेवणे अशक्य. व्हिडिओशी बरोबरी करायची म्हणून तंबूवाल्यांनीही मारामारीचे आणि अंगप्रदर्शनाचे चित्रपट आणायला सुरुवात केली. त्याने बायका आणखी कमी झाल्या. कमी झाल्या म्हणून उरलेल्यांना जास्त त्रास होऊ लागला, म्हणून त्याही थांबल्या.

त्याचे कर्ज मंजूर झाले नाही. जो तंबू आज इथे आणि उद्या तिथे, त्याचे तारण कसे धरायचे, असा वरून शेरा आला. बँकेच्या नियमांत तो बसतच होता.

मग घरोघर टीव्ही आला. २५ जानेवारी १९८७ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारी सकाळी रस्ते ओस पडले, हे आपण सगळेच सांगत असतो. तोवर मी आई-वडिलांना माझ्या नोकरीच्या गावी घेऊन आलो होतो. आमच्याकडे टीव्ही होता, त्यामुळे सकाळी साडेनऊला शेजारपाजारची पंधरा-वीस माणसे जमत. सगळे म्हणत, बघा, आता आजींना घरबसल्या सगळे दिसते, चिखल तुडवत जायला नको. माय स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसे, कारण तिथून पडदाही दिसे आणि शेगडीही. एका रविवारी मी मोजले. सीताहरण चालू असताना ती चहासाठी तीनदा उठली. तंबूत तिला चहा मागायची कोणाची हिंमत नव्हती. मागणारा कनातीच्या पलीकडे असे आणि चूल घरी.

माझे एवढेच म्हणणे आहे. बायकांचे काय गेले असे विचारणाऱ्यांना वाटते, की मी चित्रपटाबद्दल बोलतो आहे. चित्रपट गेलेला नाही. तो आज माझ्या सुनेच्या मोबाइलमध्ये आहे, आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईच्या मोबाइलमध्येही आहे, आणि मायला जन्मात जेवढे पाहायला मिळाले नाहीत तेवढे चित्रपट त्या एका महिन्यात पाहू शकतात. पाहतातही, तुकड्यातुकड्याने, कुकरच्या शिट्ट्यांच्या मध्ये, आवाज बारीक करून, कानात बोंडे घालून. चार जणी मिळून हसायची सोय मात्र त्यात नाही. आणि 'आज रात्री मी घरी नाही' असे मोबाइल हातात धरून म्हणता येत नाही.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला, की बायका आता सगळीकडे फिरतात. यवतमाळचा दुर्गोत्सव पाहा, मध्यरात्रीपर्यंत रस्ते बायकांनी फुललेले असतात. खरे आहे, आणि मला त्याचा आनंद आहे. पण ते नऊ दिवस आहेत आणि परवाना देवीचा आहे. दिवे, पोलीस, स्वयंसेवक, गर्दी, सगळे त्या नऊ दिवसांपुरते. दसरा झाला की आठ वाजता रस्ता पुन्हा पुरुषांचा. दुसरा आक्षेप मल्टिप्लेक्सचा. तिथे बाई सुरक्षित आहे, एकटीही जाऊ शकते. नागपूर-अमरावतीच्या बाईपुरते हे खरे मानू. महागावच्या वेचणाऱ्या बाईने दिवसाची मजुरी तिकिटाला आणि उरलेली पॉपकॉर्नला द्यायची, शिवाय गाडी करून जायचे आणि मध्यरात्री परत यायचे, असे कोणी गंभीरपणे म्हणत असेल तर त्याने एकदा आमच्याकडची एसटी पाहावी.

जुन्या चित्रपटगृहांना वाचवा म्हणून जी मागणी होते ती करसवलतीची असते. २०१७ साली जीएसटी आला आणि करमणूक कर त्यात विरला, पुढे शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटावरचा दर उतरला. हे ठीकच झाले. पण कर हा मालकाचा प्रश्न आहे. ओस पडलेल्या टॉकीजचा मालक पुढे काय करतो हे आपण पाहतोच: गाळे काढतो किंवा मंगल कार्यालय करतो. त्यात त्याचे काही चुकत नाही. टुरिंगवाल्यांचेही तेच झाले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांनी महाराष्ट्रातल्या जत्रांमधून फिरणाऱ्या तंबूंबरोबर वर्षानुवर्षे हिंडून 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट केला; २०१६ साली तो कानच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यात गंजलेली मशीन आहेत, ती दुरुस्त करणारा म्हातारा होत चाललेला कारागीर आहे, आणि फिल्म जाऊन डिजिटल आले तेव्हा मालकांची झालेली घालमेल आहे. मी तो पाहिला तेव्हा मशीनकडे कमी आणि जमिनीवर बसलेल्या चेहऱ्यांकडे जास्त पाहत होतो. बाया कुठे बसल्या आहेत ते शोधत होतो.

तंबू परत आणा असे मी म्हणत नाही. मालकाला तो परवडणार नाही, आणि कनात तर मला परत नकोच आहे. पण चित्रपट दाखवणे आज कधी नव्हे इतके स्वस्त आणि सोपे झाले आहे. तेव्हा ट्रकभर सामान लागे, आज एका पिशवीत मावते. महागावला आता नगरपंचायत आहे, शाळेची मैदाने आहेत. सार्वजनिक पैशातून गावोगाव सभागृहे बांधली जातात. उद्घाटनाचा फलक, मग कुलूप, मग लग्नाच्या हंगामात भाडे, असा त्यांचा क्रम मी पुष्कळ ठिकाणी पाहिला आहे. महिन्यातून एक रात्र ते कुलूप बायकांसाठी उघडायला काय हरकत आहे? नाबार्डने १९९२ साली बचत गटांना बँकांशी जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून मी या गटांच्या बैठकांना बसत आलो. बायका हिशेबाला चोख असतात, परतफेडीला पुरुषांपेक्षा चोख, हे मी अधिकाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो. पण त्या बैठका कायम दुपारच्या, आणि कायम कामाच्या. हप्ता, व्याज, मसाले, पापड. बाईने एकत्र जमायचे तर काहीतरी उत्पादन निघालेच पाहिजे असा आपला सगळ्यांचा समज दिसतो.

गेल्या हिवाळ्यात गावी गेलो होतो तेव्हा ओळखीच्या एका गटापुढे मी हा विषय काढला. मैदानावर पडदा लावू, रात्रीचा खेळ ठेवू, फक्त बायका आणि पोरे. कोणता चित्रपट लावावा याची यादीही मी मनात करून गेलो होतो. त्यांनी यादी ऐकून घेतली नाही. आधी त्यांनी शौचालय कुठे ते विचारले. मैदानापासून वस्तीपर्यंतच्या खांबांवरचे किती दिवे चालू आहेत ते मोजले. मधले दोन बंद निघाले. तांड्यावरच्या दोघी म्हणाल्या, आम्हाला परत सोडायला गाडी असेल तरच. मग एका साठीच्या बाईने, जी लहानपणी बहुधा आमच्याच तंबूत कनातीच्या त्या बाजूला बसलेली असणार, मला विचारले, "शिनेमा कोन्ताई लावा भाऊ, पन त्या दिवशी घरी सैपाक कोन करनार हाय, ते पह्यले सांगा." सगळ्या हसल्या, आणि मग खरोखरच त्यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी बाजाराचा दिवस ठरला, कारण त्या दिवशी घरात विकतचा चिवडा असतो आणि पुरुषांना तो चालतो. खांबांवरच्या दोन दिव्यांसाठीचा अर्ज मी लिहून दिला आहे. त्यावर बावीस जणींच्या सह्या आहेत, अंगठा एकीचाही नाही.